२०० एमबीपीएसचा प्लॅन, केबलवर ९४ च्या पुढं जात नाही. दोष कुठं शोधायचा?

जांबोटी_रोड:
ठिकाण बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, जांबोटीच्या बाजूला. प्लॅन २०० चा, ऑपरेटरनं दिलेला ओएनटी (फायबर घरात येऊन जोडला जातो तो डबा), वाय-फाय त्यातच. मोबाईलवर सोप्यात ३५ ते ४०, मागच्या खोलीत ८-१०. भिंती जांभ्या दगडाच्या, दीड फूट जाड. लॅपटॉपला लॅन केबल लावली तर दिवसा कितीही वेळा मोजा, ९४. रात्री ८ नंतर तेही ३०-४० वर येतं. पाऊस लागला की व्हिडिओ कॉल अडकतो. पीओएन (फायबर जुळल्याचा) दिवा हिरवा, एलओएस (उजेड तुटल्याचा) बंद. ओएनटीच्या ऑप्टिकल पानावर आरएक्स पॉवर (आत येणाऱ्या उजेडाची ताकद) मायनस २७.४ डीबीएम. ऑपरेटर म्हणतो, 'आमच्याकडनं २०० सोडलंय'. राऊटर बदलू की लाईनची तक्रार करू?

तिसरं_रेल्वे_गेट:
राऊटरवर पैसे घालू नका अजून. यात किमान तीन वेगळे दोष आहेत आणि ते एकमेकांत मिसळलेत. मोबाईलचे आकडे बाजूला ठेवा, केबलपासून सुरू करा.

९४ हा आकडाच सगळं सांगतो. लॅनचा दुवा १०० वर जुळला की पॅकेट बांधण्याचा वरखर्च वजा जाऊन ९४-९५ च उरतं. प्लॅन २०० चा असो की ५०० चा, आकडा तोच. १०० वर चालायला चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या. १००० वर जायला आठही लागतात. म्हणजे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार सुटली तरी नेट चालू राहतं, फक्त १०० वर. म्हणून कुणाला संशय येत नाही.

प्लग हातात घ्या, खटका खाली, तोंड पुढं. डावीकडून रंग असे हवेत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आता उजेडाकडं धरून समोरून बघा. पारदर्शक प्लास्टिकमागं आठ तांब्याची टोकं एका ओळीत चमकली पाहिजेत. एखादं टोक मागं राहिलं असेल तर तिथं काळा ठिपका दिसतो. बाहेरचं आवरणही प्लगच्या आत दाबलेलं हवं, नाहीतर ओढाताणीत तारा सुटतात.

प्लग ठीक असेल तर ओएनटीचं दुसरं पोर्ट वापरून बघा. स्वस्त ओएनटीत बऱ्याचदा एक पोर्ट १००० चं आणि दुसरं १०० चं असतं. जुन्या लॅपटॉपचं पोर्टही १०० चं असू शकतं. विंडोजमध्ये इथरनेटच्या माहितीत 'लिंक स्पीड' बघा, १०००/१००० आलं पाहिजे. ते आल्याशिवाय स्पीड टेस्ट करण्यात अर्थ नाही.

निपाणी_लाईन:
केबलचं वर आलंच, मी उजेडाचं सांगतो. मायनस २७.४ हा खरा तक्रारीचा मुद्दा आहे.

नमुन्याचा हिशोब करा. ऑपरेटरकडच्या ओएलटीतून (त्याच्या टोकाचं यंत्र) प्लस ३ निघाला. १:८ च्या स्प्लिटरला (एका फायबरचा उजेड आठांत वाटणारा) साडेदहा डीबी (उजेडाच्या घटीचं माप) गेले, पुढच्या १:४ ला सात. चार किलोमीटर फायबरला साधारण सव्वा, जोड आणि कनेक्टर मिळून पावणेदोन. बेरीज साडेवीस. घरात मायनस साडेसतरा यायला हवा. तुमच्याकडं स्प्लिटर जास्त फोडलेला असेल तर मायनस २१ धरा. तरीही सहा डीबी कुठंतरी सांडतायत. तीन डीबी गेले की उजेड निम्मा होतो, सहा गेले की पाव.

जीपॉनच्या (घरोघरच्या या फायबर पद्धतीच्या) नेहमीच्या बी प्लस वर्गात ओएनटीची मर्यादा मायनस २७ आहे. तुम्ही ती ओलांडलीय. दिवा हिरवाच राहतो, पण चुका वाढतात, पॅकेट गळतात, आणि खांबावरच्या जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरून आणखी एक डीबी गेला की कॉल अडकतो. पावसाशी संबंध तिथंच आहे. मात्र एक गैरसमज नको: मायनस २३ चा १९ झाला म्हणून स्पीड वाढत नाही. मर्यादेच्या आत असेल तर दोन्हीत वेग सारखाच.

आधी घरातलं बघा. टीव्हीमागं वायर घट्ट गुंडाळलीय का, खिळ्याच्या क्लिपनं चेपलीय का, दाराच्या फटीत दबलीय का? ३ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचा वेढा नको. मग कनेक्टरचे रंग बघा. हिरव्याचं टोक ८ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. हिरवा निळ्यात घातला तर मधे फट राहते आणि कित्येक डीबी जातात. टोक पुसायचं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारा कागद. तोंडानं फुंकर मारू नका, वाफ बसते. आणि टोकात डोळा घालून कधीच बघू नका, तो लेसर दिसत नाही पण डोळा जाळतो.

जांबोटी_रोड:
प्लग कापून नवा लावला, तपकिरी तार आखूड होती. लिंक १०००, दुपारी २०३ मिळालं. रात्री ९ ला ६०. आरएक्स तीच. भिंतीवरच्या डबीत हिरवा कनेक्टर निळ्या अडॅप्टरमध्ये घातलेला आहे.

निपाणी_लाईन:
मग बहुतेक तिथंच. दोन्ही बाजू हिरव्या करून घ्या. लाईनमन आला की त्याला पॉवर मीटर १४९० नॅनोमीटरवर लावून डबीआधी आणि डबीनंतर मोजायला सांगा. त्याला मराठी कळत नसेल तर कन्नडमध्ये 'पॉवर एष्टिदे' (पॉवर किती आहे) एवढं विचारलं तरी तो स्क्रीन दाखवेल. डबीआधीच २७ असेल तर दोष खांबाकडं.

तिसरं_रेल्वे_गेट:
रात्रीचं ६० दोन कारणांनी येऊ शकतं. पॉवर दुरुस्त झाल्यावर केबलवरच रात्री ९ ला आणि पहाटे ५ ला मोजा, सलग तीन दिवस. टेस्टमध्ये एकदा ऑपरेटरचा स्वतःचा सर्व्हर निवडा, एकदा मुंबई किंवा बेंगळुरूचा. ऑपरेटरच्या सर्व्हरवर २०० आणि बाहेर ६० आलं तर त्यानं वरून घेतलेली बँडविड्थ कमी पडतेय. दोन्हीकडं ६० असेल तर त्या पीओएन पोर्टवर (ओएलटीवरचं तुमच्या फायबरचं तोंड) गर्दी आहे. त्यावरच्या सगळ्या घरांत मिळून खाली येणारे जेमतेम २.५ गिगाबिट वाटले जातात. तक्रार नोंदवताना 'नेट स्लो आहे' म्हणू नका. वेळ, सर्व्हर, लिंक स्पीड आणि आरएक्स लिहा, डॉकेट (तक्रारीचा) नंबर घ्या. नोंद कन्नडमध्ये झाली तरी आकडे तेच राहतात, आणि टाळाटाळीला जागा उरत नाही.

येळ्ळूर_वेस:
मोबाईलच्या ३५-४० बद्दल कुणी बोललं नाही. २.४ गिगाहर्ट्झवर, २० मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये, एका अँटेनाचा दुवा ७२ वर जुळतो आणि हाती निम्म्याच्या आसपास लागतं. तुमचा आकडा बरोबर आहे, दोष नाही. सोप्यात मोबाईल ५ गिगाहर्ट्झला जोडा. पण दीड फूट जांभा ते अडवतो, ओला असेल तर जास्तच. रिपीटर घेऊ नका, तो कमजोर सिग्नलच पुढं ढकलतो. मागच्या खोलीपर्यंत शुद्ध तांब्याची कॅट ६ वायर आतूनच न्या, तिथं साधा ड्युअल बँड राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (फक्त वाय-फाय देणारा) लावा, त्याचा डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणं) बंद.

वायर परसातून किंवा कौलावरून नेऊ नका. वळवाच्या पावसात विजेचा झटका तांब्यातून आत येतो, आणि ओएनटीचं लॅन पोर्ट पहिलं जातं.