सुपरमॅन आधी शेतकऱ्याचा पोरगा

सुपरमॅन नव्याने आणायचा तर तो गंभीर, आतून धुमसणारा हवा, नाहीतर आजच्या प्रेक्षकाला बालिश वाटेल, असं एक मत आहे. मला ते अजिबात पटत नाही.

जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा हा नायक १९३८ मध्ये कॉमिकमध्ये छापून आला. पुढे अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या केंट दांपत्याने शेतावर वाढवलेला पोरगा क्लार्क, ही त्याची ओळख पक्की झाली. आम्ही चोपड्याकडचे, केळी-कापसात वाढलेलो, म्हणून हा भाग मला फार जवळचा. शेजाऱ्याची विहिरीवरची मोटर बंद पडली की न बोलावता जाणारी, काम झालं की चहालाही न थांबणारी पोरं आमच्याकडे आहेत. क्लार्क तसा दिसला पाहिजे. ताकद नंतर.

१९७८ च्या सिनेमात सुपरमॅन झालेल्या ख्रिस्तोफर रीव्हने हे नेमकं पकडलं होतं. सहकारी पत्रकार लोइसच्या घरात क्लार्क बनून आलेला तो चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, आवाज बदलतो. खरं सांगून टाकावं असं त्याच्या मनात येतं आणि क्षणात खांदे पाडून तो पुन्हा क्लार्क होतो. ट्रिक-सीन नाही, नुसता अभिनय!

२०१३ च्या सिनेमातला हेन्री कॅव्हिल शोभला, पण शहर कोसळत असताना तो माणसं वाचवताना पुरेसा दिसत नाही, हे मला खुपलं. २०२५ मध्ये दिग्दर्शक जेम्स गनचा सुपरमॅन ऐन झुंजीत एका खारीला वाचवतो. कुणाला पोरकट वाटेल, मला त्यात त्याचा सगळा स्वभाव दिसला. फक्त शेतावरच्या आईबापांना अजून वेळ द्यायला हवा होता.