प्रति: अंतर्मुख मुलांना बोलतं करण्याबद्दल

इंटर्नशिपआधी स्वभावचाचणी घेऊन अंतर्मुख मुलांना बोलतं करावं, असं सुचवलं गेलंय. मला हे पटत नाही. स्वभाव आणि कामगिरी यांचा संबंध शोधणाऱ्या बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी दिसला तो काटेकोरपणा, म्हणजे काम जबाबदारीने आणि शिस्तीत करण्याचा गुण. बहिर्मुखता मुख्यतः विक्री आणि व्यवस्थापनात.

माझी एक विद्यार्थिनी गटचर्चेत वहीचा कोपरा चुरगाळत गप्प बसायची. तिला आम्ही भाषण नाही, आधी प्रश्न लिहून न्यायला शिकवलं: "हे काम कुणाला दाखवू? कधीपर्यंत हवंय?" इंटर्नशिपच्या तिसऱ्याच दिवशी तिने सुपरवायझरना स्वतःहून गाठून विचारलं! स्वभाव होता तोच आहे.

आणि चाचणी घेतलीच, तर कृपा करून तिचा निकाल मुलांच्याच हाती राहू द्या, कंपनीकडे पाठवू नका.