गुडघा बदलून २४ दिवस झाले, ७० डिग्रीच्या पुढे वाकत नाही. सीपीएम मशीन (गुडघा आपोआप वाकवणारं) भाड्याने घ्यावं का?

उंबरठा
आईचा गुडघा बदलला, आज २४ दिवस. ७० च्या पुढे वाकतच नाही. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट म्हणतो सीपीएम मशीन लावा, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास. साताऱ्यात भाड्याने कुठे मिळतं, महिन्याचे किती घेतात आणि कोणतं चांगलं? सर्जनने पुढची तारीख सहाव्या आठवड्याची दिली आहे, तोवर नुसतं बसून राहायचं का? उद्याच आणायचं आहे, लवकर सांगा.

सरळरेषा
मशीनचं नंतर बघू. आधी हे सांगा, नाहीतर सगळे अंदाजपंचे बोलत बसतील.
ऑपरेशनआधी गुडघा किती वाकत होता? आत्ताचे ७० कुणी मोजले, गोनिओमीटरने (कोन मोजायच्या पट्टीने) की नजरेने? दुखण्याची गोळी चालू आहे का, कोणती, किती वेळा? शुगर आहे का? टाके काढून झाले, जखम कोरडी आहे?
आणि सगळ्यात महत्त्वाचं, गुडघा पूर्ण सरळ होतो का? पलंगावर पाय लांब करून झोपल्यावर गुडघ्यामागे हात सरकतो का ते बघा. वाकण्याचं सगळे विचारतात, सरळ होण्याचं कुणीच विचारत नाही.

कडुलिंब
एवढी उलटतपासणी कशाला? त्यांनी साधा प्रश्न विचारलाय. सीपीएम जरूर लावा. ४० पासून सुरू करायचं, रोज ५ डिग्री वाढवायची. पेशंट झोपलेला असतो, मशीन आपोआप वाकवतं, स्नायूंवर ताण नाही. घरच्यांनाही दमायला होत नाही.

सरळरेषा
कडुलिंब, स्नायूंवर ताण नाही हीच तर त्यातली उणीव आहे. मांडीचा पुढचा स्नायू ऑपरेशननंतर झोपी गेलेला असतो, त्याला जागं करणं हे अर्धं काम आहे आणि मशीन ते करत नाही. दुसरं म्हणजे मशीनवर ७० दिसले तरी गुडघा ७० वाकलेला नसतो. पट्टे सैल असतात, मांडी वर उचलली जाते, माप खोटं निघतं. कॉक्रेन म्हणजे वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणारी संस्था, तिचा सीपीएमवरच्या चाचण्यांचा २०१४ चा एकत्रित आढावा आहे, त्यात वाकण्यात फरक जेमतेम २ डिग्रीचा निघाला. त्यासाठी रोज चार तास आईला पलंगाला बांधून ठेवायचं, म्हणजे तेवढं चालणं कमी.

ओसरी
इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम सांधा, कोणतं बसवलं ते आधी विचारा की. हाय-फ्लेक्स (जास्त वाकण्यासाठी बनवलेलं) आहे का साधं? डिस्चार्जच्या फाइलमध्ये स्टिकर चिकटवलेले असतात, मांडीच्या हाडाच्या भागाचा, नडगीच्या प्लेटचा आणि मधल्या प्लास्टिकचा. त्यावर कंपनी, साइज, बॅच नंबर असतो. बिलातही इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवावी लागते. सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल किमती ठरवल्या तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियम धातूच्या इम्प्लांटला ५४,७२० आणि हाय-फ्लेक्सला ५६,४९० रुपये होते, वर जीएसटी. हाय-फ्लेक्स म्हणून लाखभर लावले असतील तर जाब विचारा.

सरळरेषा
स्टिकर जपून ठेवा हे बरोबर, पुढे कधी प्लास्टिक बदलायची वेळ आली तर साइज लागते. पण हाय-फ्लेक्स बसवलं म्हणून गुडघा जास्त वाकतो असं होत नाही. किती वाकणार ते मुख्यतः आधी किती वाकत होता त्यावर ठरतं, म्हणून मी ते विचारलं. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ७० वर अडलेला गुडघा इम्प्लांटमुळे सहसा अडत नाही. सूज, दुखणं आणि भीती, यांनी अडतो.

उंबरठा
किमतीचं विचारलं नव्हतं, असो. उजवा गुडघा. ऑपरेशनआधी मांडी घालता यायची नाही, पण खुर्चीवर बसून पाय बराच मागे जायचा, हॉस्पिटलच्या कागदावर ११० लिहिलं आहे. ७० फिजिओने नजरेने सांगितले. गुडघ्यामागे अख्खी मूठ जाते. खाली उशी ठेवलेली असते, दिवसभर आणि रात्रीही, त्याशिवाय झोप लागत नाही. दुखण्याच्या गोळ्या दहाव्या दिवशी बंद केल्या, किडनीला वाईट असतात म्हणून. शुगर आहे, गोळी चालू, उपाशीपोटी १४० च्या आसपास. जखम कोरडी, टाके निघाले. पोटरी दोन दिवसांपासून जरा जास्त दुखते, त्यासाठी मालिशवाल्या मावशी संध्याकाळी तिळाचं तेल लावून चोळून देतात. आता मशीनचं सांगा.

सरळरेषा
मशीन, व्यायाम, सगळं बाजूला. मालिश या क्षणी बंद करा. उद्याची वाट न बघता आज पायाच्या शिरांचं डॉप्लर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करा.
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पोटरीच्या खोल शिरेत गुठळी होऊ शकते. ती तिथे असेल आणि वरून चोळलं तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते. वाटीच्या खाली जो हाडाचा उंचवटा लागतो, तिथून १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजा. ३ सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर शंका वाढते, पण फरक कमी निघाला म्हणून निर्धास्त होऊ नका. ऑपरेशनच्या पायाला सूज असतेच, त्यामुळे नुसत्या टेपवर निकाल लागत नाही. धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, तर डॉप्लरलाही थांबायचं नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत.
सर्जनच्या हॉस्पिटलला फोन करून "पोटरी दुखतेय" एवढंच सांगा. सहाव्या आठवड्याची तारीख अशा कारणासाठी नसते.

नदीकाठ
रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का तेही फोनवर सांगा. गुडघ्यासाठी बऱ्याचदा १० ते १४ दिवसांचा कोर्स देतात. तो संपला म्हणजे धोका संपला असं नसतं, पुढचे काही आठवडे तो राहतो. आणि मनाने गोळी परत सुरू करू नका, आधी डॉप्लर.

कडुलिंब
सगळी मालिश वाईट नसते, घाबरवू नका लोकांना. मांडीला हलक्या हाताने तेल लावलं तर काय बिघडतं? गुडघा मोकळा करायचा तर कुणीतरी थोडा जोर लावून वाकवायलाच हवा. दोन मिनिटं ओरडतील, पण सुटेल.

नदीकाठ
पोटरी दुखतेय आणि कारण कळलेलं नाही, तोवर त्या पायाला कसलीच मालिश नाही. यात वाद नको. जोर लावण्याचं म्हणाल तर आज पाच डिग्री जबरदस्तीने मिळवाल आणि उद्या सुजेमुळे दहा घालवाल. आतून रक्त साकळतं, माणूस घाबरून स्नायू आखडून धरतो, पुढच्या वेळी हातच लावू देत नाही.

पायवाट
मध्येच विचारते, क्षमा करा. खुब्याच्या ऑपरेशनलाही हेच व्यायाम का? घरी वडिलांचं पुढच्या महिन्यात आहे.

सरळरेषा
नाही, खुब्याचं वेगळं आहे, इथलं वाचून काही करू नका. मागच्या बाजूने केलेल्या ऑपरेशनमध्ये पहिले काही आठवडे खुबा ९० च्या पुढे वाकवायचा नसतो, पायावर पाय टाकायचा नसतो, पाऊल आत वळवायचं नसतं. नाहीतर गोळा वाटीतून निखळू शकतो. कोणत्या बाजूने करणार ते सर्जनना विचारा आणि वेगळा धागा काढा. तोवर घरात कमोडवर बसवायची ४ ते ६ इंचांची उंच सीट आणि हातांची उंच खुर्ची आणून ठेवा.

उंबरठा
कालच डॉप्लर केलं. गुठळी नाही. सर्जननीही लगेच बोलावून घेतलं, जखम बघितली, पोटरी स्नायू आखडल्यामुळे दुखते म्हणाले. किडनीची तपासणी, क्रिएटिनिन, ०.९ म्हणजे ठीक आलं, त्यामुळे दुखण्याच्या गोळ्या दहा दिवसांसाठी परत दिल्या. सरळ होण्यात १५ कमी आणि वाकणं ७२, असं पट्टीने मोजून लिहून दिलं. उशीवरून आईला रागावलेच. मशीन नको म्हणाले. मग नेमकं करायचं काय? घरी येणारा "व्यायाम करा" एवढंच सांगून जातो.

सरळरेषा
डॉप्लर चांगलं आलं, बरं वाटलं. आता नीट लिहितो.

गुडघ्याखालची उशी आजच कपाटात. तिने बरं वाटतं कारण अर्धवट वाकलेल्या सांध्यात पाणी मावायला जागा जास्त असते, म्हणून ताण कमी होतो. पण तसाच ठेवला की मागची बाजू आखडते. १५ डिग्री वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहायचं तर मांडीचा स्नायू सतत ओढत राहतो, पाच मिनिटांत दमतो. पोटरीही त्याच पायी भरून येते. त्याऐवजी टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी. १० मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. पहिल्या दिवशी ३ मिनिटंच सोसलं तर तीन. वर वजन ठेवायचं नाही. पाय बाहेरच्या बाजूला कलंडू देऊ नका, अंगठा छताकडे. याच स्थितीत गुडघा खाली दाबून मांडी घट्ट करायची, ५ सेकंद, दहा वेळा.

सूज उतरवायला पाय छातीपेक्षा वर हवा. तेव्हा उशी चालेल, पण पोटरीपासून टाचेपर्यंत अख्ख्या पायाखाली, नुसत्या गुडघ्याखाली नाही.

गोळी व्यायामाच्या ४० मिनिटं आधी द्या. जेवणानंतर म्हणून दिलेली असेल तर व्यायामाची वेळ जेवणानंतरची ठेवा. गोळी न देता व्यायाम घेतला की तोंडाने "करते" म्हणतात आणि स्नायू मात्र अडवून धरतात. व्यायामानंतर बर्फ १५ ते २० मिनिटं, मध्ये सुती कापड. शुगर आहे आणि टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा असतोच, त्यामुळे कातडी मध्येमध्ये उघडून बघा.

वाकवण्यासाठी हातांची, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवा. पायात मोजा घालून पाऊल लादीवरून मागे सरकवायचं. ओढ लागली की थांबायचं, २० सेकंद. मग पाऊल तिथेच रोवून बूड खुर्चीत थोडं पुढे सरकवायचं, म्हणजे आणखी दोन-चार डिग्री आपोआप मिळतात. पाच वेळा, दिवसातून चारदा. उठण्याआधी मोजा काढायचा, विसरायचं नाही, लादीवर घसरून पडतात.

मोजायला खडू. खुर्ची नेहमी त्याच जागी, पाठ टेकलेली, अंगठा पोचतो तिथे रेघ आणि तारीख. घरच्या नजरेला पाच डिग्री कळत नाहीत, दोन सेंमी कळतात. वाटीच्या मधोमध गुडघ्याचा घेरही लिहा. सकाळी घेर आदल्या दिवसापेक्षा एक सेंमीने वाढलेला असेल तर काल जास्त झालं, आज निम्मं करा. बंद मात्र करू नका.

ओसरी
जिना? पहिल्या मजल्यावर राहत असतील तर सांगायला हवं, वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना ऑपरेशनचा आधी. वॉकरची उंची मनगटाच्या घडीला. बहुतेक घरांत तो उंच ठेवतात, मग खांदे दुखतात.

उंबरठा
आम्ही तळमजल्यावर आहोत. पण किती वाकलं म्हणजे पुरे? आणि नाहीच वाकलं तर परत ऑपरेशन?

सरळरेषा
चालायला ६५-७० लागतात. जिना चढायला ८५ च्या आसपास, उतरायला ९० ते १००, साध्या खुर्चीतून उठायलाही जवळपास तेवढेच. म्हणून पहिला पल्ला ९०, मग ११०. आधी ११० होते तर तिथवर जायला हरकत नाही. मांडी घालून बसण्याची आशा लावू नका.
सहा ते आठ आठवड्यांत ९० झाले नाहीत तर सर्जन भूल देऊन गुडघा वाकवतात, त्यात चिरफाड नसते. पण ते १२ आठवड्यांच्या आत बरं, नंतर आतले चिकटलेले पट्टे घट्ट होतात आणि हाड मोडण्याची भीती वाढते. म्हणून सहाव्या आठवड्याची तारीख पुढे ढकलू नका. मध्येच जखमेतून पाणी आलं, ताप आला, किंवा सुटत आलेला गुडघा पुन्हा आखडून लाल झाला, तर जवळच्या डॉक्टरकडून अँटिबायोटिक घेऊ नका. आधी सर्जनना सांध्यातलं पाणी तपासायचं असतं, गोळ्या सुरू झाल्या की जंतू सापडत नाहीत.

नदीकाठ
दुसरा गुडघाही करायचा असेल तर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आत्तापासून ७.५ च्या खाली आणा. दातांची कामं आधी उरकून घ्या. त्या गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर मध्ये तीन महिने जाऊ द्या. आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री घरी ब्लेडने केस काढू नका, बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात.

उंबरठा
दुसऱ्याचं आत्ता नाही.
आज ३३ वा दिवस. गुडघ्यामागे मुठीऐवजी दोन बोटं जातात. खडूची रेघ ७ सेंमी मागे गेली. दोन रात्री उशीशिवाय नीट झोप नव्हती, तिसऱ्या रात्री लागली. घेर सकाळी कमी असतो, संध्याकाळी दीड सेंमी वाढतो, गुडघा हाताला गरमही लागतो. हे ठीक आहे ना?

सरळरेषा
सकाळी उतरतोय तोवर ठीक. गरमपणा काही महिने राहतो. माप मात्र रोज सकाळी उठल्यावरच घ्या, संध्याकाळचं सकाळच्या मापाशी ताडून बघू नका. चालताना आता टाच आधी टेकवायला सांगा, दोन बोटांचीही जागा तिथेच भरून निघेल.