जबड्याचा सांधा : तीन डॉक्टर, तीन मतं. आणि गटारातला व्हायरस मात्र सापडतो?

कट्टकट्ट :
मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. सात-आठ महिने झाले, उजव्या कानाच्या पुढे जबड्याच्या सांध्यात दुखतंय. जांभई दिली की कट्ट. सकाळी उठल्यावर तर दातखीळ बसल्यासारखं होतं, मग हळूहळू तोंड मोकळं होतं. तीन जणांना दाखवून झालं. पहिले म्हणाले तुम्ही झोपेत दात खाता, नाइट गार्ड (रात्री दातांवर चढवायचं प्लास्टिकचं कवच) घाला. दुसरे म्हणाले चावा नीट बसत नाही, दोन-तीन दात थोडे घासून लेव्हल करू. तिसऱ्यांनी एमआरआय बघून सांध्यातली चकती, म्हणजे दोन हाडांमधली गादी, सरकलीय म्हणून सांगितलं आणि सुया घालून सांधा धुवून घ्यायचा पर्याय दिला. तिघेही आपापल्या जागी एकदम ठाम!

आता माझी चिडचिड ऐका. परवा वाचलं की सांडपाण्याच्या नमुन्यांवरून पोलिओचा व्हायरस फिरतोय हे कळतं, तेही एकही पेशंट सापडलेला नसताना. म्हणजे लाखो लोकांच्या घाणीतून एक व्हायरस हुडकता येतो आणि माझ्या एकट्याच्या जबड्यात काय बिघडलंय यावर तीन माणसांचं एकमत होत नाही? नक्की अडलंय कुठे? आणि आधी हे सांगा, दात घासून घेऊ की नको?

हाडवैद्यीण :
नको. बाकीचं नंतर बोलू, आधी हे. घासलेला दात परत येत नाही.

मी फिजिओ आहे, जबड्याचे पेशंट बऱ्यापैकी बघते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या दुखण्यावर एक गाइडलाइन आली, तीन महिने किंवा जास्त टिकलेल्या दुखण्यासाठी, म्हणजे तुमच्यासारख्यांसाठीच. त्यात ठामपणे 'करा' म्हटलेल्या गोष्टी बघितल्या तर तुमच्या तिन्ही डॉक्टरांनी सुचवलेली एकही त्यात नाही. तिथे आहे ते जबड्याचे व्यायाम आणि स्ट्रेचिंग, कुणाच्या तरी देखरेखीखाली केलेले, मानेची-पाठीची ठेवण सुधारायचे व्यायाम, थेरपिस्टने हाताने सांधा हलवणं, स्नायूंतल्या गाठी दाबून सोडवणं आणि हो, सीबीटी, म्हणजे दुखण्याकडे बघायची आणि त्याच्याशी वागायची सवय बदलणारी थेरपी. शिवाय दुखणं काय आहे ते नीट समजावून सांगणं आणि घरी करायचे व्यायाम देणं, हेसुद्धा उपचार म्हणूनच धरलंय.

काढता येणारा स्प्लिंट (दातांवर बसवायचा साचा, नाइट गार्ड त्यातलाच), सांधा धुणं, बोटॉक्स, लेसर, स्टिरॉइडचं इंजेक्शन हे सगळं 'शक्यतो नको' या गटात, कारण पुरावा कच्चा. आणि चकती काढून टाकायचं ऑपरेशन, चावा कायमचा बदलणारे स्प्लिंट, अफूवर्गातली पेनकिलर नेहमीच्या पेनकिलरसोबत देणं, हे ठामपणे 'नको'.

एमआरआयचं म्हणाल तर ज्यांना काहीही त्रास नाही अशांचे एमआरआय काढले तरी जवळपास एक तृतीयांश लोकांत चकती सरकलेली दिसते. तोंड उघडताना ती झटकन जागेवर येते, त्याचाच तो कट्ट. दुखत नसेल तर नुसत्या आवाजाला काही करायची गरज नसते.

दिवसभर एक बघत रहा: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला. खाणं-गिळणं सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना लागायचं काही कारणच नसतं, पण स्क्रीनसमोर बसलेला माणूस बघा, दात आवळलेले असतात आणि त्याला पत्ता नसतो.

गार्डवाला :
थोडी असहमती. मी पाच वर्षं नाइट गार्ड घालतोय, सकाळचं डोकं दुखणं थांबलं माझं. पुरावा कच्चा असेल, माझं डोकं पक्कं आहे :)

हाडवैद्यीण :
@गार्डवाला, घाला की. दात झिजू नयेत म्हणून गार्ड हा वेगळा विषय आहे, त्याला कुणाची ना नाही. ती गाइडलाइन दुखण्याबद्दल बोलते. आणि 'शक्यतो नको'चा अर्थ असा की बहुतेकांना त्याआधी दुसरं काही द्यावं, ज्याला बरं वाटतंय त्याचा काढून घ्या असं नव्हे.

नमुना_क्रमांक_सात :
धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण सांडपाण्यातले व्हायरस हीच माझी रोजीरोटी. (घरी जेवताना या विषयावर बोलायला बंदी आहे, तेव्हा इथे लिहून घेतो.)

तुमची तुलना गमतीची आहे पण अन्यायाची आहे. व्हायरसचं सोपं असतं, त्याला आरएनए नाहीतर डीएनए असतो, त्यातला एक ठरावीक तुकडा पीसीआरने वाढवला की आहे किंवा नाही, आणि असला तर किती, हे कळतं, त्यात माझं मत आणि तुमचं मत असा प्रश्नच येत नाही. पोलिओची लागण झालेल्या बहुतेकांना काही लक्षणंच नसतात, लकवा साधारण दोनशेत एकाला, म्हणून पेशंटची वाट बघत बसलं तर उशीर झालेला असतो. २०१३ मध्ये इस्रायलच्या सांडपाण्यात जंगली पोलिओ सापडला आणि तिथे लकव्याचा एकही पेशंट झाला नाही, त्याआधीच डोस सुरू झाले. २०२२ मध्ये लंडनमध्ये लसीतल्या व्हायरसपासून बदलत गेलेला टाइप २ पोलिओ सापडला, तिथेही पेशंट नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात मात्र उलटं झालं, आधी एक माणूस लुळा पडला आणि मग कोविडसाठी गोळा करून ठेवलेले जुने नमुने उकरून तपासले तर व्हायरस त्यात आधीपासून होता.

पण आमच्याकडेही मोजणं वाटतं तितकं सरळ नाही. जोरात पाऊस झाला की सगळं पातळ होतं, मग आकडा खाली आला तो लागण कमी झाली म्हणून की पाणी वाढलं म्हणून? त्यावर एक भारी युक्ती आहे. मिरचीच्या झाडाला होणारा एक व्हायरस असतो, माणसाला तो काही करत नाही, पण खाण्यातून पोटात जातो आणि तसाच बाहेर पडतो. मग आमचा व्हायरस त्या मिरचीवाल्याच्या तुलनेत किती ते बघायचं. म्हणजे मोजपट्टीसुद्धा त्याच घाणीत मिळते.

आता मला सांगा, जबड्याच्या दुखण्यात पीसीआर कशाचा करणार?

दाढ_पाडू :
वरचा प्रश्न एकदम नेमका. मी डेंटिस्ट, आमच्याच बिरादरीची थोडी धुणी धुतो.

१९३४ मध्ये कॉस्टेन नावाच्या कान-नाक-घसावाल्या डॉक्टरने ११ पेशंटवरून मांडलं की मागचे दात गेले की जबडा जास्त मिटतो आणि त्यातून कानाचा आणि सांध्याचा त्रास होतो. झालं! पुढची कित्येक दशकं चावा सुधारा, दात घासा, उंची वाढवा. १९७६ मध्ये काही जणांनी २५ पेशंटचे दात घासायचं नुसतं नाटक केलं, मशीन फिरवली पण दाताला धक्का नाही. २५ पैकी १६ जणांनी त्रास पूर्ण किंवा जवळपास पूर्ण गेला म्हणून सांगितलं. म्हणजे आमच्या हाताला जे यश आलं असं आम्हाला वाटत होतं ते किती आमचं आणि किती आपोआपचं, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे १९८० च्या दशकात चकतीच्या जागी बसवलेले टेफ्लॉनचे इम्प्लांट, ते झिजून तुकडे झाले आणि त्याच्या प्रतिक्रियेने आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं. १९९० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) इशारा दिला तोवर बऱ्याच जणांची वाट लागली होती.

मुळात 'टीएमडी' (जबड्याच्या सांध्याच्या आणि स्नायूंच्या त्रासाचं डॉक्टरी नाव) हा एक आजार नाहीच, तीसहून जास्त गोष्टी एका नावाखाली कोंबल्यात. स्नायूंचं दुखणं वेगळं, चकती वेगळी, सांध्याचा संधिवात वेगळा. कुणाला काय म्हणायचं याचे नीट नियम १९९२ मध्ये आले आणि सुधारून २०१४ मध्ये. त्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे 'ओळखीचं दुखणं'. स्नायूवर साधारण एक किलोचा दाब द्यायचा आणि नुसतं दुखतं का ते विचारायचं नाही, तर विचारायचं, हे तुमचं नेहमीचंच दुखणं का? हो म्हणाला तरच मोजायचं. आमचा पीसीआर म्हणाल तर हाच. @कट्टकट्ट, तुमच्या तिघांपैकी कुणी असं विचारलं होतं का?

आणि अमेरिकेत अडीच हजारांवर चांगल्या माणसांना काही वर्षं पाळतीवर ठेवून कुणाला नव्याने हे दुखणं लागतंय ते बघितलं (ओपेरा नावाचा अभ्यास). त्यात ज्यांना आधीपासून अंगात इतर बारीकसारीक तक्रारी जास्त आणि झोप खराब, त्यांना हे लागायची शक्यता जास्त निघाली.

एक सावधगिरी, सगळ्यांसाठी. पन्नाशीनंतर नव्याने चावताना जबडा दुखायला लागला, सोबत कानशिलाकडे डोकं दुखणं किंवा नजरेत फरक, तर हा सांधा नव्हे, रक्तवाहिनीची सूज असू शकते, उशीर केला तर डोळा जातो. चालताना-जिने चढताना जबडा दुखून थांबल्यावर कमी होत असेल तर हृदय तपासा. गाठ, बधिरपणा, ताप, दिवसेंदिवस कमी उघडणारं तोंड, यात व्यायाम करत बसू नका.

कट्टकट्ट :
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. @दाढ_पाडू, कुणीच विचारलं नव्हतं. काल स्वतः गालाचा स्नायू दाबून बघितला तर डिट्टो तेच दुखणं, सांध्यावर दाबलं तर तितकं नाही. म्हणजे एमआरआय मी सांध्याचा काढला आणि दुखतोय गाल?

हाडवैद्यीण :
बहुतेक तसंच, पण ते प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मी इथून शिक्का मारणार नाही. मधली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा.

कट्टकट्ट :
(सहा आठवड्यांनी धागा वर काढतोय.) एका फिजिओकडे जातोय, घरी दिवसातून चार वेळा व्यायाम. तेव्हा दोन बोटंच जात होती, आता अडीच. कट्ट अजून आहे. दात आहेत तसे शाबूत. मॉनिटरला 'दात सुटे' अशी चिठ्ठी चिकटवलीय, ऑफिसात सगळे विचारतात कुणाचे सुटले म्हणून.

नमुना_क्रमांक_सात :
अभिनंदन! जेवताना बोलायला आमच्याकडे अजून बंदीच आहे.