व्हीसीडी, डीव्हीडी, कॅसेट आणि हार्ड डिस्क: सगळ्यांची एकच यादी कशी बांधावी?

शहापूर_बेळगाव (प्रश्न)

नमस्कार मंडळी. घरच्या सिनेमांची पक्की यादी करायला घेतली आहे. व्हीसीडीचे साधारण २८० संच, डीव्हीडी २१०, व्हीएचएस कॅसेट ४० आणि २ टीबीच्या हार्ड डिस्कवरच्या फाइली. भाषा तीन: मराठी, कन्नड, हिंदी. स्प्रेडशीटमध्ये दर सिनेमाला एक ओळ दिली आणि तिथंच गाडं अडलं. एकाच डीव्हीडीवर तीन सिनेमे आहेत, उलट एकाच सिनेमाची व्हीसीडीही आहे आणि डीव्हीडीही. जुन्या काही सिनेमांच्या मराठी आणि हिंदी अशा दोन्ही आवृत्त्या आहेत, त्या एक धरायच्या की दोन? कव्हरवर एक साल असतं, सुरुवातीच्या सेन्सॉर सर्टिफिकेटवर दुसरंच. नेटवर २ तास २६ मिनिटं दिलेला सिनेमा डिस्कवर २ तास २० मिनिटांत संपतो, मग तो कापलेला समजायचा का? आणि नाव यादीत असूनही शोधल्यावर सापडत नाही, असंही होतंय. जाणकारांनी सांगावं.

खानापूर_रोड

तुमची यादी अडली ती एका ओळीत दोन वेगळ्या गोष्टी बसवल्यामुळे. सिनेमा वेगळा आणि कपाटातली वस्तू वेगळी. दोन पानं करा, एक ‘सिनेमा’ आणि एक ‘नग’.

‘सिनेमा’ पानावर नाव, भाषा, प्रदर्शनाचं साल, दिग्दर्शक, मूळ लांबी आणि सिनेमा क्रमांक. ‘नग’ पानावर नग क्रमांक, प्रकार, किती डिस्क, कुठल्या कप्प्यात, अवस्था, कधी तपासला. दोघांना जोडायला तिसरं छोटं पान हवं, त्यात दोनच रकाने: नग क्रमांक आणि सिनेमा क्रमांक. तीन सिनेमांची डीव्हीडी असेल तर या पानावर तिच्या तीन ओळी येतील. सिनेमाची व्हीसीडी आणि डीव्हीडी दोन्ही असतील तर त्या सिनेमाच्या दोन ओळी. काहीही दोनदा लिहावं लागत नाही.

नग क्रमांक आल्या क्रमानं द्या: ०००१, ०००२ असा. त्यात भाषा, प्रकार, साल काही कोंबू नका. ‘म-व्ही-७२-१४’ असले क्रमांक पहिल्या शंभर नगांपर्यंत छान वाटतात. मग मराठी-हिंदी दोन्ही सिनेमे असलेली डिस्क येते आणि पद्धत मोडते. चार आकडी क्रमांक पुढं शून्य लावून लिहिला तर मजकूर म्हणून लावला तरी क्रम बरोबर येतो. अंक मात्र देवनागरी किंवा इंग्रजी, एकाच लिपीतले ठेवा. दोन्ही मिसळले तर यादीचे दोन तुकडे पडतात. संचातल्या डिस्कला ०१४७-१, ०१४७-२ अशी जोड द्या. तिरकी रेघ नको, ती फाइलच्या नावात चालत नाही. नग हरवला किंवा दिला तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नका, ओळ ठेवून अवस्थेत ‘नाही’ लिहा.

दोन भाषांतल्या आवृत्त्या म्हणजे दोन सिनेमे, यात शंका नको. शांतारामबापूंचा १९४१ चा ‘शेजारी’ आणि त्याचीच हिंदी आवृत्ती ‘पडोसी’ घ्या. मराठीत गजानन जागीरदार मिर्झा आहेत आणि केशवराव दाते पाटील. हिंदीत मिर्झा जागीरदारच राहिले आणि ठाकूर मझहर खान यांनी केला. एका ओळीत हे लिहायचं कुठं? नुसतं डबिंग असेल तर गोष्ट वेगळी, तिथं चित्रं तीच असतात. तेव्हा सिनेमा एकच ठेवून नगाच्या पानावर ‘आवाज: कन्नड’ असं लिहा.

रीळमोजणी_निपाणी

लांबीचं उत्तर सर्टिफिकेटवरच असतं, फक्त ते मिनिटांत नसतं. तिथं रिळांची संख्या आणि लांबी मीटरमध्ये दिलेली असते, फार जुन्यावर फुटांत. ३५ मिमी फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात आणि पडद्यावर सेकंदाला २४ जातात. म्हणजे मिनिटाला ९० फूट, अर्थात २७.४३ मीटर. सर्टिफिकेटवरचे मीटर २७.४३ नं भागले की मूळ मिनिटं मिळतात. ४,००० मीटरचा सिनेमा १४६ मिनिटांचा, म्हणजे तुमचे २ तास २६ मिनिटं.

आता डिस्क. पॅल या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी लागतात, म्हणून २४ चा सिनेमा तेवढाच जलद पळवून चढवतात. १४६ मिनिटांना २४ नं गुणून २५ नं भागा, १४० येतात. तुमच्या सिनेमातली सहा मिनिटं कुणी कापलेली नाहीत. सिनेमा चार टक्के वेगानं पळतोय, आणि आवाज वेगळा सुधारला नसेल तर गाणीही किंचित वरच्या पट्टीत ऐकू येतात. एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीच्या डिस्कवर हा फरक पडत नाही, तिथं लांबी मूळची राहते. आपल्याकडं पॅल चालतं म्हणून डिस्क पॅलच असेल असं धरू नका, अनेक हिंदी-मराठी डीव्हीडी एनटीएससीत काढलेल्या आहेत. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली की चित्राची उंची ५७६ दिसली तर पॅल, ४८० दिसली तर एनटीएससी. व्हीसीडीत तेच आकडे २८८ आणि २४०.

म्हणून तीन रकाने करा: सर्टिफिकेटची मिनिटं, नगाची मिनिटं, पद्धत. पॅलचा हिशेब करूनही दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त तूट राहिली तरच ‘अपुरी प्रत’ लिहा. व्हीसीडीत अशी तूट बरेचदा खरी निघते, कारण एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटंच मावतात आणि दोन डिस्कांत बसवण्यासाठी एखादं गाणं गाळलेलं असतं. डिस्क कुठं संपते आणि पुढची कुठं सुरू होते तेवढं नक्की बघा.

सालाबद्दल. सर्टिफिकेट प्रदर्शनाच्या आधी मिळतं, त्यामुळं जानेवारीत आलेल्या सिनेमाच्या सर्टिफिकेटवर मागच्या वर्षाची तारीख सहज असते. ‘नटरंग’ १ जानेवारी २०१० ला आला, यादीत २०१० लिहा. दुसरा घोटाळा मोठा: घरगुती व्हिडिओसाठी वेगळं सर्टिफिकेट घेतात, त्यावर ‘व्ही’ अक्षर असतं आणि तारीख व्हिडिओची असते. पन्नास सालच्या सिनेमाच्या व्हीसीडीवर २००३ दिसतं ते त्यामुळं. ही तारीख नगाच्या पानावर जाते, सिनेमाच्या नाही.

सर्टिफिकेट पडद्यावर असताना थांबवून डावा खालचा कोपराही बघा. तिथं त्रिकोण असेल तर सेन्सॉरनं काटछाट करून मंजुरी दिली आहे. होय-नाही असा एक रकाना त्यालाही द्या, पुढं दोन प्रती ताडून बघताना हीच नोंद कामाला येते.

शहापूर_बेळगाव

मिनिटांचा हिशेब करून बघितला, चार डीव्हीडी ‘कापलेल्या’ म्हणून बाजूला काढल्या होत्या, चारही पॅल निघाल्या. आता शोधाचं सांगा कुणीतरी. आणि कन्नड नावांचं काय करावं?

टिळकवाडी_अक्षरे

देवनागरीत दिसायला सारखं ते संगणकाला सारखं नसतं. तीन ठिकाणी घोळ होतो. पहिलं ‘ॲ’. हे एकच अक्षर म्हणून टंकता येतं आणि ‘अ’ला वर चंद्र जोडूनही. दुसरं ‘दुसऱ्या’मधला ऱ्य. काही कीबोर्ड नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात, काही साध्या ‘र’ला अदृश्य जोडखूण लावतात. तिसरं अनुस्वार, ‘संत’ आणि ‘सन्त’. शिवाय वेबपानावरून नाव चिकटवलं की मागं एखादी मोकळी जागा किंवा ती अदृश्य खूण सोबत येते. एकच कीबोर्ड ठरवा, नावं स्वतः टंका आणि आधीच्या सगळ्या ओळींवर ‘शोधा आणि बदला’ चालवून एकच रूप करा. श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फाँटांतली यादी असेल तर तिचं आधी युनिकोड या सगळीकडं चालणाऱ्या अक्षरसंकेतात रूपांतर करा, नुसता फाँट बदलून भागत नाही.

क्रम लावताना संगणक सांकेतिक क्रमांक बघतो. त्यामुळं ‘क्ष’ची नावं ‘कौ’च्या मागोमाग येतात, ‘ज्ञ’ची ‘जौ’च्या मागं, आणि ‘ळ’ हा ‘ल’ला चिकटतो. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये क्रम लावण्याच्या पर्यायांत भाषा मराठी निवडा, मग क्षण, कौल, हळद, हलका अशा चार शब्दांवर आधी करून बघा. जमलं नाही तर ‘क्रमासाठी नाव’ असा जादा रकाना ठेवा. तिथं नावापुढचं ‘श्री’ वगैरेही गाळता येतं.

यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून जपणार असाल तर यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत निवडा. ती एक्सेलमध्ये नुसती दोनदा टिचकी मारून उघडली तर अक्षरांचा चुरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. डेटा मेनूतून आयात करा आणि तिथं यूटीएफ-८ सांगा. चुरा दिसत असताना चुकूनही सेव्ह करू नका, मग मात्र ती खरंच जाते.

कन्नड नावाला दोन रकाने द्या. एकात कव्हरवरचं कन्नड लिपीतलं नाव जसंच्या तसं, दुसऱ्यात तुमच्या उच्चारानं देवनागरी. कन्नडमधले ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ आपल्या लिखाणात एक होतात, शेवटचा अकार कुणी लिहितो कुणी लांबवतो, त्यामुळं ‘बंगारद मनुष्य’ दुसऱ्याच्या यादीत ‘बंगारदा मनुष्य’ असतो. देवनागरी रूपावर विसंबून दोन याद्या जुळत नाहीत. आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या वेबसाइटवरचा क्रमांक घाला, म्हणजे कुठल्याही भाषेतली नोंद नेमकी त्याच सिनेमाला चिकटते. एकाच नावाचे सिनेमेही त्यानंच सुटतात: ‘श्यामची आई’ १९५३ चा आहे आणि २०२३ चाही.

आणखी एक रकाना आवर्जून ठेवा: सिनेमा कुठल्या गावी, कुठल्या स्टुडिओत झाला. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीनं कोल्हापुरात केला, आणि पहिला कन्नड बोलपट ‘सती सुलोचना’ १९३४ चा, तोही कोल्हापूरच्याच छत्रपती स्टुडिओत झाला. आपल्या भागातल्या संग्रहात भाषेच्या रकान्यापेक्षा हा रकाना कितीतरी जास्त बोलतो.

चिकोडी_कपाट

यादी करताना प्रत्येक नग हातात येणारच, तेव्हा तपासणी आणि प्रत दोन्ही त्याच वेळी उरका. सुरुवात व्हीसीडीपासून करा, कारण धोका तिथं जास्त आहे. डेटा सीडीवर चूक दुरुस्त करणारा जादा थर असतो. व्हीसीडीत ती जागा काढून चित्रासाठी वापरली आहे, सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या एका तुकड्यात, २,०४८ ऐवजी २,३२४ बाइट. म्हणूनच ७०० एमबीच्या डिस्कवर ८०० एमबीच्या वरची फाइल दिसते, आणि म्हणूनच बारीक ओरखड्यानंही चित्र फुटतं.

याचाच दुसरा परिणाम असा की व्हीसीडीची साधी आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) प्रत नीट निघत नाही. आयएसओ २,०४८ च्या हिशेबानं चालते. बिन आणि क्यू अशी जोडफाइल काढा, त्यात २,३५२ बाइटचा पूर्ण सेक्टर उतरतो. डीव्हीडीला आयएसओ चालते. खराब डीव्हीडीवर डीडीरेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्कवरचं वाचून काढणारा प्रोग्रॅम लावा: पहिल्या फेरीत अडलेली जागा सोडून पुढं जाऊ द्या, मग उरलेल्या जागांवर तीन फेऱ्या. पहिल्याच फेरीत हट्ट धरला तर ड्राइव्ह तासन्‌तास एका ओरखड्यावर घुटमळतो आणि चांगला भागही हाती लागत नाही. प्रत झाली की तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइलच्या मजकुरावरून संगणक काढतो ती ओळखखूण) नगाच्या ओळीत लिहा. हार्ड डिस्क बदलताना सगळं जसंच्या तसं आलं का, ते त्यावरून कळतं. आणि प्रत एकाच हार्ड डिस्कवर असेल तर ती नसल्यात जमा धरा, दुसरी डिस्क घ्या.

डिस्कवर कागदी स्टिकर नको, तोल जातो आणि गोंद सुटला की ड्राइव्हमध्ये अडकतो. क्रमांक मधल्या पारदर्शक कड्यावर सीडी मार्करनं लिहा. पुसायचं तर मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ, गोल फिरवून कधीच नाही.

आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा किती दमट असते ते सांगायला नको, खानापूरच्या बाजूला तर जास्तच. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. खोके उभे ठेवा. रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या प्रत्येक कप्प्यात टाका, निळ्याच्या गुलाबी झाल्या की तापवून पुन्हा वापरता येतात. डांबरगोळ्या मात्र या कपाटात अजिबात नकोत. सीडीचे पारदर्शक खोके पॉलिस्टायरीनचे असतात आणि नॅप्थलीनच्या वाफेनं ते मऊ पडून चिकटतात.

व्हीएचएसला खिडकीतून आत बघा. टेपच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, हेडला लागते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटना पसरते. वेगळ्या पिशवीत बांधा आणि अवस्थेच्या रकान्यात ‘बुरशी, चालवू नये’ लिहा.

शहापूर_बेळगाव

चाळीसपैकी सहा कॅसेटवर पांढरं दिसतंय, बाजूला बांधून ठेवल्या. एक राहिलं: लोक सिनेमे मागून नेतात, ते कुठं लिहायचं?

खानापूर_रोड

‘नग’ पानावरच दोन रकाने वाढवा, कुणाकडं आणि कधीपासून. परत आल्यावर नाव पुसायच्या आधी डिस्क प्रकाशात तिरकी धरून बघा आणि अवस्था नव्यानं लिहा. ज्या नगाची प्रत अजून काढलेली नाही, तो बाहेर देऊ नका.