मदत हवी आहे: ०.५० फ्लिंटलॉकसाठी काळी दारू दोन एफ घ्यावी की तीन एफ?

सस्क्वेहाना
नमस्कार मंडळी. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा फ्लिंटलॉकचा (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा) हंगाम असतो, त्याची तयारी चालू आहे. ठासणीच्या बंदुकांची माहिती असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावं.

बंदूक: ०.५० कॅलिबर फ्लिंटलॉक रायफल, रायफलिंगचा (नळीतल्या पीळदार खाचांचा) फेरा ४८ इंचांत एक. गोळी शिशाची, गोल, ०.४९० इंची, १७७ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं एकक). पॅच (गोळीभोवतीचं कापड) सुती, ०.०१५ इंच जाड. दारू सध्या दोन एफ (एफ जितके जास्त, तितका दाणा बारीक), मापाने ७० ग्रेन.

अडचणी अशा:
१. पाचव्या-सहाव्या बारापासून गोळी गजाने खाली न्यायला फार जड जाते.
२. बंदुकीच्या पुस्तिकेत फक्त दोन एफचे आकडे आहेत. तीन एफ वापरली तर माप तेच ठेवायचं का?
३. पॅनमध्ये (नळीबाहेरच्या छोट्या वाटीत) रंजक, म्हणजे ठिणगीने आधी पेटणारी दारू, म्हणून चार एफच लागते का? इथल्या दुकानात दोन एफ आणि तीन एफच मिळते.

ठासणीबहाद्दर
सर्वात आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, माप तेच ठेवायचं नाही.

काळी दारू दाण्याच्या पृष्ठभागावरून आत जळत जाते. दाणा बारीक झाला की तेवढ्याच वजनाला पृष्ठभाग वाढतो, दारू लवकर जळते आणि दाब लवकर व जास्त चढतो. दाण्याचे अंदाजे आकार असे: एक एफ १.७ ते १.२ मिमी, दोन एफ १.२ ते ०.६ मिमी, तीन एफ ०.८५ ते ०.३ मिमी, चार एफ ०.४२ ते ०.१५ मिमी. दोन एफ आणि तीन एफ एकमेकांत बऱ्यापैकी मिसळतात हे आकड्यांवरूनच दिसतं. म्हणून एका कंपनीची जाडसर तीन एफ दुसऱ्या कंपनीच्या बारीक दोन एफसारखी वागू शकते.

रूढ नियम असा: ०.४५ आणि त्याखाली तीन एफ, ०.५० आणि त्यावर दोन एफ. पिस्तूल आणि केपाच्या (ठोक्याने पेटणाऱ्या टोपीच्या) रिव्हॉल्व्हरला तीन एफ. १२ बोरला दोन एफ, ०.७५ च्या मस्केटला दोन किंवा एक एफ. तुमची ०.५० बरोबर सीमेवर आहे, तिला दोन्ही चालतात. गोल गोळीसाठी मी तीन एफच सुचवेन.

दोन एफवरून तीन एफवर येताना माप १० ते १५ टक्के कमी करायचं. म्हणजे ७० च्या जागी साधारण ६०. पण थेट ६० ला जाऊ नका. ५० पासून सुरू करा, दर वेळी ५ ग्रेन वाढवा, प्रत्येक मापाचे पाच बार ५० यार्डांवर. निशाणावर गोळ्यांचा गट जिथे सगळ्यात घट्ट येतो तिथे थांबा. पुस्तिकेतली कमाल मर्यादा दोन एफची आहे, तिच्याजवळ तीन एफ नेण्याचं काही कारण नाही. ६० ग्रेनने एका पौंडाच्या डब्यात (७००० ग्रेन) ११६ बार होतात, म्हणजे एक डबा सरावासाठी पुरेसा आहे.

माप नेहमी त्याच नळकांड्याने, त्याच पद्धतीने भरा: ओता, बाजूला दोनदा टिचकी मारा, वरचं सपाट करा. शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत कधीही ओतू नका. मागच्या बारातली एखादी ठिणगी नळीत राहिली असेल, तर हातातली सगळी दारू पेट घेईल.

आणि आधुनिक बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत चिमूटभरसुद्धा घालायची नाही. नळी फुटते.

गारगोटी
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. चार एफ पॅनमध्ये सगळ्यात लवकर पेटते, पण ती लागतेच असं नाही. तीन एफने चांगलं काम होतं. फरक असला तरी खांद्याला जाणवण्याइतका क्वचितच असतो. एकाच डब्यातून नळी आणि पॅन दोन्ही भरता येतात, ही तर तीन एफची मोठी सोय.

रंजकाचं प्रमाण मात्र सांभाळा. सुमारे ३ ग्रेन, पॅन एक तृतीयांश भरेल इतकंच. दारू टचहोलच्या (पॅनमधून नळीत जाणाऱ्या बारीक छिद्राच्या) खाली राहिली पाहिजे, छिद्र झाकता कामा नये. छिद्र मोकळं असेल तर पॅनमधला भडका सरळ आत जातो. छिद्रात दारू भरली की ती आधी वातीसारखी जळत आत जाते आणि मग बार उडतो. चाप ओढल्यावर ‘फूस… ढम’ असं लांबलेलं ऐकू येतं ते यामुळेच. चाप उशिरा लागतोय असं समजून लोक आणखी रंजक घालतात आणि उशीर वाढतो.

टचहोल साधारण १/१६ इंचाचं असावं. बार भरल्यावर तारेने एकदा टोचून घ्या.

दमट हवेत किंवा पाऊस-बर्फात दर अर्ध्या तासाने जुनं रंजक झटकून, पॅन कोरडं पुसून नवं घाला. काळ्या दारूऐवजी मिळणाऱ्या पर्यायी दारू (पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन) फ्लिंटलॉकमध्ये नकोत. त्यांना पेटायला जास्त उष्णता लागते, पॅनमध्ये त्या भरवशाने पेटत नाहीत.

ठासणीबहाद्दर
आता पहिला प्रश्न, जड जाणारी गोळी. तीन एफने कीट थोडं कमी होतं, पण फक्त दाणा बदलून हा त्रास जाणार नाही. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळून घन अवशेष होतो. तो हवेतली ओल ओढतो आणि नळीत चिकट थर बसतो.

दर बारानंतर एक ओलसर पॅच (पिळून, टपकणारा नको) आणि एक कोरडा पॅच फिरवा. गजाच्या टोकाचा जॅग (पॅच अडकवायचं टोक) थोडा लहान असू द्या, म्हणजे पॅच जाताना कीटावरून सरकतो आणि येताना ते ओढून आणतो. घट्ट जॅग सगळं कीट तळाशी ढकलतो आणि टचहोल आतून बुजतं. पॅचला खनिज तेल लावू नका, काळ्या दारूत त्याचं डांबर होतं. मेण आणि चरबीचं मिश्रण लावा.

जड गेली म्हणून गोळी अर्ध्यात सोडणं सगळ्यात धोकादायक. दारू आणि गोळीत पोकळी राहिली तर तिथे नळी फुगू शकते किंवा फुटू शकते. गजावर दोन खुणा करा: एक रिकाम्या नळीची, दुसरी ठरलेलं माप भरून गोळी बसवल्याची. दर बाराला दुसरी खूण नळीच्या तोंडाशी आली पाहिजे.

उडालेले पॅचही उचलून बघा, बंदुकीपुढे काही पावलांवर पडतात. मधोमध राखाडी डाग, कडा नुसत्या विस्कटलेल्या: सगळं ठीक. मध्यभाग जळून भोक पडलेलं: पॅच पातळ आहे किंवा दारू जास्त. गोलाकार रेषेत चिरा: नळीचं तोंड किंवा रायफलिंगच्या कडा धारदार आहेत, तिथे दाणा बदलून काही होणार नाही.

सस्क्वेहाना
खूप धन्यवाद दोघांना. दुकानदाराकडे तीन एफमध्ये गोएक्स आणि स्विस या दोन्ही छापांची दारू आहे. गोएक्सने ठरवलेलं माप स्विसला चालेल का?

गारगोटी
नाही. स्विस साधारणपणे जास्त वेगवान असते. डबा बदलला की पुन्हा ५० पासून. गोएक्समध्येही जुना-नवा डबा सारखा धरू नका: लुइझियानातल्या मिंडेनचा कारखाना २०२१ मध्ये बंद झाला, २०२२ मध्ये एस्टेस कंपनीने तो घेतला आणि उत्पादन पुन्हा सुरू केलं. त्याआधीचा डबा आणि नंतरचा डबा यांत फरक पडू शकतो. डब्यावरचा लॉट क्रमांक वहीत मापाशेजारी लिहून ठेवा.

युरोपात स्विसवर एफऐवजी आकडे असतात. तिथली क्रमांक २ म्हणजे साधारण तीन एफ. ही माहिती तिकडच्या वाचकांसाठी.

लालमाती
कोकणातून विचारतो. इथे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरोघरी ठासणीच्या छऱ्याच्या बंदुका आहेत. परवानाधारक दुकानातून मिळणाऱ्या दारूवर एफ वगैरे काही लिहिलेलं नसतं. वरचे आकडे वापरता येतील का?

ठासणीबहाद्दर
दादा, ते आकडे घेऊ नका. वरची मापं ठरावीक दाण्याच्या, कारखान्यात तपासलेल्या दारूची आणि जाड भिंतीच्या रायफल नळीची आहेत. जुन्या छऱ्याच्या बंदुकीची नळी पातळ असते, आतून गंजून आणखी पातळ झालेली असू शकते. आधी परवानाधारक कारागिराकडून नळी आणि ब्रीच (नळीचा मागचा बंद भाग) तपासून घ्या, माप त्याच्याकडूनच ठरवून घ्या.

दाणा जाड वाटला म्हणून खलबत्त्यात किंवा पाट्यावर बारीक करू नका. घर्षणाने पेट घेते हा एक धोका. दुसरा असा की कुटलेल्या दारूत दाणा कमी आणि भुकटी जास्त होते. भुकटी कधी घट्ट बसून फुसकी जाते, कधी एकदम दाब चढवते. त्याच मापाला दोन बार वेगळे वागतात. दोन दुकानांची दारू एकत्रही करू नका.

सस्क्वेहाना
शेवटची शंका. पॅनमध्ये भडका झाला आणि बार उडाला नाही, तर?

गारगोटी
नळी निशाणाच्या दिशेनेच धरून निदान एक मिनिट थांबा. नळीच्या तोंडासमोर किंवा टचहोलच्या बाजूला कुणी नको. मग टचहोल तारेने टोचा, नवं रंजक घाला, पुन्हा चाप ओढा.

दोन-तीनदा असंच झालं तर बहुधा दारू भरायची राहिली आहे किंवा तळाशी ओल आहे. गजावरची खूण बघा, लगेच कळेल. दारूच नसेल तर टचहोलमधून बारीक दारूचे थोडे दाणे तारेने आत सारा, गोळी गजाने पुन्हा तळापर्यंत दाबून घ्या, गज बाहेर काढा आणि सुरक्षित मातीच्या बांधात बार काढा. दारू भिजली असेल तर कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीने टचहोलमधून गोळी बाहेर ढकलणारं साधन मिळतं, ते वापरा. दारू भरलेल्या नळीत गोळी उपसायचा स्क्रू वापरू नका.