मदत हवी आहे : पावसात किनाऱ्याने चालताना सॅक कोरडी राहत नाही

कोरडा_मोजा : मी कोल्हापूरचा आहे. गेल्या रविवारी पाठीवर सॅक घेऊन किनाऱ्याने चालताना, वर कव्हर असूनही, स्लीपिंग बॅग पिळून काढण्याइतकी भिजली आणि आम्हाला अर्ध्यातून परतावे लागले. येत्या रविवारी पुन्हा जायचे आहे. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट भर जुलैत दोनदा चाललो असल्याने पावसाचे मला नवल नाही. कोणते कव्हर घ्यावे, तेवढेच कृपया लवकर सांगावे.

सडेकर : किनारा कोणता, किती जण आणि निघालात किती वाजता?

कोरडा_मोजा : कुणकेश्वरहून मिठबावच्या दिशेने, दोघे. पण प्रश्न कव्हरचा आहे.

जुना_भटक्या : कोणतेही कव्हर घेतले तरी पाठीकडची बाजू उघडीच राहते, मानेवरून ओघळणारे पाणी तिथून आत मुरते आणि कव्हरच्या तळाशी साचते. त्यापेक्षा खताच्या पोत्यातली जाड प्लास्टिकची पिशवी धुऊन सॅकच्या आत घालावी, सामान तिच्यात भरावे आणि तोंड पिळून, दुमडून रबराने बांधावे.

घोंगडीवाला : आमच्या वडिलांनी घोंगडीच्या खोळीवर उभा जन्म काढला. प्लास्टिकची गरजच नाही.

जुना_भटक्या : शेतात ठीक आहे. भिजलेली घोंगडी आणि वर सॅक घेऊन आपण स्वतः एकदा वाळूत चालून पाहावे.

खवय्या_करवीर : राधानगरीवरून फोंडा घाटाने उतरा आणि मालवणला सुरमईची थाळी चुकवू नका.

घोंगडीवाला : श्रावण लागला आहे, महाराज.

सडेकर : निघण्याची वेळ अजून कळलेली नाही. स्लीपिंग बॅग वाळल्यावर तिच्यावर पांढरे डाग उमटले का?

कोरडा_मोजा : होय, पट्ट्यांवरही रेघा आहेत. अकराला निघालो होतो. खडकांच्या टोकाला वळसा घालताना एक लाट कमरेच्या वर आली होती, परंतु ती लगेच ओसरली.

सडेकर : मग सॅक पावसाने नव्हे, समुद्राने भिजवली. गेल्या रविवारी अमावास्या होती. त्या दिवशी उधाण असते आणि आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या सुमारास भरते, म्हणजे आपण नेमके चढत्या पाण्यात शिरलात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. येत्या रविवारी सप्तमी आहे, त्यामुळे भरती सव्वापाचला आणि ओहोटी अकराच्या आसपास. अष्टमी जवळ असल्याने पाणी भांगाचे, फार न चढणारे असेल. तरी पावसाळी लाटेवर विसंबू नये. ते टोक खालून ओलांडण्याचा मोह टाळावा आणि सड्यावरूनच, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावरूनच, जावे. तिथेही जांभ्यावर शेवाळ असते, म्हणून गवत उगवलेल्या भागावर पाय ठेवावा.

कोरडा_मोजा : पन्हाळ्याच्या वाटेवर तिथी कधी पाहावी लागली नव्हती. सड्यावरून जाऊ. खताची पिशवी कोणत्या मापाची घ्यावी?

जुना_भटक्या : सॅक किती लिटरची आहे, हे आपण अजून सांगितलेले नाही.